हरळीवरची माती

॥ श्री ॥

शंकर नगर, रायपूर
८ जून २००३

चि. कौमुदीस आजीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

आम्ही इथे खुशाल. तू फोन करतेस, पण त्यात मले नुसता वारा ऐकू येतो. मी मोठ्यानं बोलली की तुझा बाप म्हणतो, आई, एवढ्या आवाजाले फोन कशाले पाहिजे, नागपूरले तसंच ऐकू जाईल. म्हणून हे पत्र. मी सांगून राहिली आणि माडीवर भाड्यानं राहणारी सोनिया लिहून राहिली. अकोल्याची पोट्टी आहे, मंत्रालयात नवीन लागली. रायपूर राजधानी झाल्यापासून शंकर नगरात घरोघरी अशी एकेक आहे. दिवसभर सरकारचं लिहिते, संध्याकाळी माझं. मी जशी बोलतो तशीच लिही, सुधारू नको, असं तिले बजावलं आहे. सरकार माझ्यापेक्षा हळू सांगते म्हणे.

आता मुद्द्याचं. परवा एक माणूस फीत घेऊन आला आणि समोरच्या अंगणाचं माप घेऊन गेला. तुझ्या आईच्या लॉनवर तुझा बाप फरशी टाकून राहिला. गल्लीत सगळ्यांनीच टाकली, गाड्या उभ्या कराले. पण आपल्याकडे गाडी कुठं आहे? एक स्कूटर, तीही कुरकुरते.

तुले ठाऊक आहे, मी त्या लॉनची किती चेष्टा करत होती. उभा जन्म मी कपाशीतली हरळी उपटली, तुरीतली उपटली, पाठीचा काटा मोडला. त्याच हरळीले इथं दूब म्हणतात, आणि तुझी आई तिले पाणी पाजे, खत घाले, नखं कापावी तशी कापे. मी म्हणो, रमे, गाय नाही, म्हैस नाही, हा चारा कोणासाठी? ती हसे, आणि सकाळी दोन कप घेऊन तिथंच जाऊन बसे. एक तिचा, एक तुझ्या बापाचा, माझ्या अनंताचा.

ती गेली त्याले दोन वर्षं झाली. तेव्हापासून त्या गवताले कोणी मूठभर माती दिली नाही. खड्डे पडले, मधे टक्कल पडलं. तुझा बाप चहा मागच्या खोलीत पितो आणि समोरची खिडकी उघडू देत नाही. एकदा फरशी पडली की तो पुढच्या दारात कधीच बसणार नाही, हे मले फरशीवाल्यापेक्षा जास्त समजते. म्हणून दसऱ्यापर्यंत मुदत मागितली. गवत नाही आलं तर टाक फरशी, मी आडवी येणार नाही म्हटलं. हव म्हणाला. त्याचं हव आणि तिच्या ऑफिसातलं विचाराधीन एकच, असं सोनियाचं मत.

तर सांग, पाऊस लागला की तुझी आई ते माती-खत पसरे, ते किती आणि कसं? मी हसण्यात गुंतली होती, पाहाचं राहून गेलं.

तुझा जीव आमच्यावर आहे तसाच राहू दे.

आजी
(लिहिणार सोनिया)

---

नागपूर
१४ जून २००३

ती. आजीस कौमुदीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी आणि माझ्या खोलीवरच्या पूर्णिमाने दोनदा वाचलं. ही पूर्णिमा भंडाऱ्याची. तुझ्या पत्रापुढे टीव्हीवरच्या मालिका काहीच नाहीत असं तिचं म्हणणं आहे.

आई करायची ते असं. आधी गवत बारीक कापून घ्यायचं. मग लोखंडी सळईने जागोजागी टोचायचं, म्हणजे पाणी खाली उतरतं. दोन घमेली माती, एक वाळू, एक खत. खत पूर्ण कुजलेलं हवं, हातात घेतलं की मातीचाच वास आला पाहिजे. मग सगळं चाळणीने चाळायचं. आणि पोळी लाटताना पिठी लावतो ना, तेवढंच भुरभुरायचं. वरून खराटा फिरवायचा, तो गवताची टोकं वर येईपर्यंत. टोकं झाकली गेली तर गवत गुदमरतं, असं ती म्हणायची. खड्डे एका वर्षात भरायचे नाहीत, दरवर्षी थोडे थोडे.

आजी, पिठीएवढं म्हणजे पिठीएवढंच हं. तुझा हात मला माहीत आहे. तुझ्या हातच्या वरणात तूप शोधावं लागत नाही, वरण शोधावं लागतं.

बाबा फोनवर दोनच गोष्टी विचारतात, जेवलीस का आणि बस मिळाली का. आईचं नाव दोन वर्षांत त्यांच्या तोंडून निघालेलं नाही. मीही काढत नाही, कारण पुढे काय बोलायचं ते आम्हा दोघांनाही येत नाही. ते पुन्हा एकदा समोर येऊन बसले, तर मला बाकी काही नको. तेवढं तुझ्या हातून होऊ दे.

सोनियाताईंना नमस्कार. माझ्यावरची माया पिठीएवढी नको, ती तुझ्याच हाताने वाढ.

तुझी
कौमुदी

---

रायपूर
२ जुलै २००३

चि. कौमुदीस आशीर्वाद. वि. वि.

काम झालं, आणि घरात बोलणंही बंद झालं.

तुझा बाप रेल्वेच्या पेन्शनच्या कामासाठी बिलासपूरले गेला, तेवढ्यात मी डाव साधला. तेलीबांधा तलावाच्या पलीकडे एक गोठा रस्ता रुंद करण्यात जाऊन राहिला. गोठेवाल्यानं जाता जाता ट्रॉलीभर खत दिलं. दोन रेजा, म्हणजे मजूर बाया, लावल्या. गवत कापलं, टोचलं, सगळं तुझ्या आईवाणी. चाळणीही आणली. पण ऊन असं की दुपारपर्यंत माझाच जीव चाळून निघाला. म्हणून निम्मं चाळलं, निम्मं तसंच. थोडा पैरा होता त्यात. पैरा म्हणजे इथला भाताचा पेंढा, गुराखाली अंथरतात. मी म्हटलं, राहू दे, कुजून जाईल.

आणि पिठीएवढं मले जमलं नाही, पोरी. दोन वर्षांचं उपाशी गवत. त्याले पिठी काय लावता? मी पुरणपोळीएवढं घालाले लावलं.

अनंता आला. हातातली बॅग तशीच, फाटकात उभा राहिला. समोर सगळं काळं, हिरवं एक पान नाही. मग हळूच म्हणाला की आई, हेही गाडून टाकलंस का. ओरडला असता तर बरं झालं असतं, मलेही ओरडता येते. तेव्हापासून ताट घेऊन मागं जातो. मुदत दसऱ्याची होती, ती त्यानं पोळ्यावर आणली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी फरशीवाला येणार.

मी सोनियाले म्हटलं, हरळी मेली असं आमच्या गावात अजून कोणी ऐकलं नाही. म्हटलं खरं.

(कौमुदी, हे आजींनी सांगितलेलं नाही. दिवसातून कितीदा तरी त्या काठी टेकत अंगणात जातात, वाकून माती बोटाने उकरून बघतात आणि परत येताना माझ्याकडे पाहात नाहीत. — सोनिया)

काय लिहिलं ते विचारलं तर म्हणे तारीख. एवढी लांब तारीख कधी पाहिली नाही. असो. रागाऊ नको माझ्यावर, एक रागावलेला पुरे.

आजी

---

रायपूर
२४ जुलै २००३

चि. कौमुदीस आनंदाचे आशीर्वाद. वि. वि.

आलं गं बाई, आलं! आधी सुईवाणी टोकं, आणि आता वीतभर. टक्कल होतं तिथंही आलं, तुझ्या आईच्या वेळेले नव्हतं एवढं दाट. पान जरा रुंद आहे, पण खत खाल्लेलं पोर अंगानं भरणारच.

मी कोणाले सांगितलं नाही, तुझ्या बापानं आपणच पाहिलं. परवा सकाळी समोरची खिडकी उघडली. मी देवासमोर होती, पण कान खिडकीत. मग दाराची कडी वाजली. मग पायरीवर चपला. मी घंटी वाजवणंच विसरली, देवाले म्हटलं तू थांब जरा. तो सबंध गवताभोवती फिरला, आत येऊन खुर्ची उचलली आणि तुझी आई ठेवे तिथंच नेऊन ठेवली. चहा मागितला. एकच कप नेला मी, काही बोलली नाही. जास्त बोलली की काम बिघडते, हे मले उशिरा का होईना समजलं.

सोनियानं फोटो काढला, सोबत पाठवला आहे. बापाचं तोंड नीट आलं नाही, पण पाठ पाहा. कशी सरळ आहे.

आता मी सुखानं झोपतो. तूही झोप, आणि दूध घेत जा.

आजी

---

नागपूर
३१ जुलै २००३

ती. आजीस सा. न. वि. वि.

फोटो उशाशी ठेवला आहे. बाबा त्या खुर्चीत! मी थोडी रडले, मग पूर्णिमालाही दाखवला.

आजी, आता सांगते ते बसून ऐक. पूर्णिमा फोटो पाहून तोंडावर उशी दाबून हसत सुटली. तिच्या घरी सात पिढ्या धानाची शेती आहे. ती म्हणते हे लॉन नाही, हा धान आहे. त्या पैऱ्यात दाणे राहिले असणार, ते चाळले न गेल्याने सगळे उगवले. आपण पडलो कपाशीचे लोक. तीस वर्षं रायपूरचा भात जेवलो, पण तो जमिनीतून वर येताना कसा दिसतो, हे आपल्यातल्या एकालाही ठाऊक नाही.

म्हणजे खालचं गवत आहे की गेलं, ते अजून कळलेलंच नाही. मला भीती गवताची नाही, बाबांची आहे. दोन वर्षांनी बाहेर आलेत. कृपा करून हे त्यांच्या कानावर जाऊ देऊ नकोस. आधी तू एकटी बघ, मग ठरवू.

सोनियाताई, हे हळू आवाजात वाचा.

तुझ्या मायेच्या भरवशावर,
कौमुदी

---

शंकर नगर, रायपूर
१२ ऑगस्ट २००३

चि. कौमुदीस आजीचे आशीर्वाद. वि. वि.

अक्षर पाहून दचकू नको. सोनिया अकोल्याले गेली, म्हणून आज पेन तुझ्या बापाच्या हातात आहे. मंत्रालयातली पोट्टी भराभर लिहीत होती, हा रेल्वेचा आहे, मधे मधे थांबतो.

तुझं पत्र आलं तेव्हा आम्ही तिघं बाहेरच होतो, चहाले. तुले माहीत आहे, मले आलेलं पत्र म्हणजे घराले आलेलं पत्र. ते मोठ्यानंच वाचावं लागते, आणि माझ्या कानासाठी आणखी मोठ्यानं. सोनिया खणखणीत वाचत गेली. हा धान आहे, इथपर्यंत वाचलं आणि थांबली. थांबल्यावर तर सगळ्यांले जास्तच ऐकू येते. हळू वाचा हे तू शेवटी काहून लिहिलंस? असं पाकिटावर लिहा लागते.

मी अनंताकडं पाहिलंच नाही, माझी हिंमत झाली नाही. त्यानं कप खाली ठेवल्याचा आवाज तेवढा आला. मले वाटलं, गेला आता मागच्या खोलीत, आणि या खेपेले कडी लावून घेईल.

तर हा उतरला त्या धानात. गुडघ्यावर बसला, दोन्ही हातांनी रोपं बाजूले सारली आणि तसाच राहिला. मग त्यानं मले हाक मारली. मी काठी सोडून गेली. त्यानं माझं बोट धरून खाली मातीत लावलं. मले डोळ्यांनी बारीक दिसत नाही, पण पेरापेराची, सरपटणारी, प्रत्येक पेराले पांढरं मूळ सोडणारी ती वस्तू माझी बोटं अंधारातही ओळखतील. जन्माची वैरीण माझी. नव्या मातीत अशी पसरली होती की माझ्या डोळ्यांले पाणी आलं. हरळीसाठी रडणारी वऱ्हाडात मीच पहिली असेल.

मग आम्ही निंदाले बसलो. तुझा बाप नुसती पानं तोडत होता, मी त्याले बुडातून धराले शिकवलं. साठीच्या पोट्ट्याले शिकवणं म्हणजे काही सोपं नाही. (हे तो लिहून राहिला का नाही, मी पाहून राहिली.) त्याले म्हटलं, उभ्या जन्मात पिकातली हरळी उपटली, आता हरळीतलं पीक उपटून राहिली. मेल्यावर सासूले काय तोंड दाखवू?

तेव्हा तो हसला. हसत हसत म्हणाला की रमा असती तर आज गवतावर लोळली असती.

इथं त्यानं पेन थांबवलं आहे. मले वाचता येत नाही, पण नाव लिहिलं का नाही ते हाताकडं पाहून समजते. मी थांबली. लिहिलं त्यानं.

फरशीवाला पोळ्याची वाट न पाहता कालच आला होता. त्याले चहा पाजून परत पाठवला. तोही गवतावरच बसून प्यायला, आणि मऊ आहे म्हणाला. नळाजवळ मूठभर धान न उपटता तसाच उभा ठेवला आहे, तुझ्या त्या भंडाऱ्याच्या पूर्णिमेसाठी. तिले म्हणावं, ये आणि तुझं पीक घेऊन जा.

माझं संपलं. खाली हा काहीतरी खरडून राहिला आणि मले सांगत नाही. जे असेल ते तुझं तुझ्याजवळ. आमच्यावरची माया मुळाशी धरून ठेव, वरून कितीही माती पडली तरी.

आजी

चि. कौमुदी, वरचा मजकूर आईच्या सांगण्याप्रमाणे लिहिला आहे, माझ्या विरुद्ध आहे तोसुद्धा. पुरणपोळीची गोष्ट तेवढी खरी नाही, थर त्याहून जाड होता. तुझ्या आईची चाळणी माळ्यावर सापडली, जाळी बदलून आणली आहे. पुढल्या वर्षी ती मी धरणार.

रोज सकाळी दोन कप घेऊन बाहेर जातो. दुसरा आई पिते आणि साखर कमी म्हणून माझ्यावर रागावते. दिवाळीला ये, तिसरा कप काढून ठेवला आहे. बस मिळाली नाही तर मी घ्यायला येतो.

तुझा
बाबा