आपला झोपाळा आपण परत न्यावा

अड्यार, मद्रास
रविवार, २९ ऑक्टोबर १९६१

तीर्थस्वरूप श्री. राणोजीराव सासरेबुवा यांचे चरणी,

एकोजीचा शिरसाष्टांग नमस्कार. (नमस्कार रागात घातला आहे, पण आठही अंगे टेकवून घातला आहे.) इकडे आम्ही तिघे, म्हणजे मी, आपली कन्या चंद्रिका आणि आपली थोरली बहीण म्हणजे माझी आई, शरीराने ठीक आहोत. आपल्या गुडघ्याचे दुखणे कसे आहे? ते लवकर बरे व्हावे अशी मी रोज प्रार्थना करतो, कारण गुडघा बरा झाला तरच आपल्याला तंजावरहून इथे येऊन आपला झोपाळा स्वतःच्या हातांनी उतरवून परत नेता येईल.

वर 'सासरेबुवा' वाचून आपण चष्मा पुसला असेल. चष्मा स्वच्छ आहे, मी तेच लिहिले आहे. जन्मल्यापासून मी आपल्याला मामा म्हणत आलो. आपल्याकडच्या रीतीप्रमाणे मामाने आपली मुलगी भाच्याला दिली, तरी आपण मामाच राहिलात. लग्नाच्या मांडवातसुद्धा मी भटजींच्या देखत मामाच म्हणालो. पण या पत्रात म्हणणार नाही. मामावर रागावता येत नाही. ज्याच्या खांद्यावर बसून रथोत्सव पाहिला त्याच्यावर कसे रागवायचे? सासऱ्यावर रागावता येते, तो जावयाचा हक्कच आहे आणि मी तो आजवर वापरलेला नाही. (लग्नात दिलेले घड्याळ मांडवातच बंद पडले, तेव्हाही वापरला नाही.) साठलेला सगळा आज काढतो.

या सगळ्याला सुरुवात झाली ती आम्ही या घरात आलो त्या दिवशी. दूध उतू घालायला आपण पहाटेच्या गाडीने आलात. खांद्याला पिशवी, हातात तो फिरकीच्या झाकणाचा पितळी कूजा, त्यात तंजावरच्या विहिरीचे पाणी. (मद्रासला पाणी मिळत नाही असे आपल्याला कोणी सांगितले होते?) आयुष्यभर कावेरीचे कालवे तपासलेल्या ओव्हरसियरच्या नजरेने आपण आमचे घर तपासलेत, भिंतींवर टिचक्या मारल्यात, मोरीचा उतार उलटा आहे म्हणालात. चंद्रिकेने आपल्यासाठी तिच्या आईचा, म्हणजे मामींचा, चांदीचा पेला काढून त्यात पाणी भरून ठेवले होते. आपण कूजा तोंडाला लावलात. पानावर बसा म्हटले तर पोट बरे नाही म्हणून पिशवीतली केळी खाल्लीत आणि संध्याकाळच्या गाडीला निघालात. फाटकाशी चंद्रिका रडकुंडीला येऊन म्हणाली की मामी गेल्यापासून तिकडे एकटे हात भाजून घेत स्वयंपाक करता, त्यापेक्षा इकडे आमच्याकडेच राहायला या. त्यावर आपण काय म्हणालात ते मला शब्दशः आठवते. "कैसे येऊ? ऊंजल नाही तुमच्या घरात. ऊंजलेविना मज दुपारी डोळा लागत नाही." एवढेच. आणि गेलात.

मी सरळ माणूस. मला वाटले, अडले आहे ते ऊंजलेपाशी, म्हणजे झोपाळ्यापाशी. मी आपल्याला पत्र लिहिले की घर कसे सजवावे याबद्दल आपण वडीलकीच्या नात्याने सल्ला द्यावा. हे पत्र लिहिले तो हात कोपरापासून काढून टाकावासा वाटतो. त्या दिवसापासून पोस्टमन आमच्या घरचाच झाला. सोफा घेऊ नये, सोफा म्हणजे ढेकणांची धर्मशाळा. (तो आधीच घेतला होता. चंद्रिकेने कापडाचा रंग निवडायला एक आख्खा पावसाळा घालवला होता.) खिडकीला पडदे लावू नयेत, वारा कोंडतो. पडदे न लावल्यास ऊन येते, सबब वाळ्याचे लावावेत. वाळ्याचे लावल्यास ते भिजवायला माणूस ठेवावा. आणि शेवटी एक सुतळी आली, पोस्टाच्या पाकिटात, गाठी मारलेली. पहिल्या गाठीइतकी झोपाळ्याची उंची, दुसऱ्या गाठीइतके भिंतीपासून अंतर, तिसरीइतके दोन कड्यांमध्ये. ही मापे आपण आपल्या तंजावरच्या दिवाणखान्यात घेतली होतीत, ज्यात सबंध वऱ्हाड पंगतीला बसते. आमचा हॉल आपण पाहिलेला आहे. त्यात चारजण बसले की पाचव्याने उभे राहून बोलायचे असते.

पाठोपाठ मालगाडीने झोपाळा आला. सागवानी फळी, चार पितळी साखळ्या, पोत्यात गुंडाळलेला. हातगाडीवाल्याने तो फाटकात टाकला आणि निघून गेला. आता तंजावरला आपल्या डोक्यावर लाकडी तुळई आहे; कडी ठोकली की काम झाले. आमच्या डोक्यावर सिमेंटचा स्लॅब आहे आणि स्लॅबच्या वर घरमालक नारायणस्वामी आहेत. मेस्त्री म्हणाला, कड्या नुसत्या ठोकून धरणार नाहीत, स्लॅबला आरपार भोके पाडावी लागतील आणि वरून पट्टी लावून नट आवळावे लागतील. म्हणजे माझ्या झोपाळ्याचा पाया मालकांच्या जमिनीवर. मी वर जाऊन कसा बोललो, किती वेळा घाम पुसला, सासरे वयस्कर आहेत, एकटे आहेत, झोपाळ्याशिवाय झोपत नाहीत, हे इंग्रजीत आणि तमिळमध्ये कसे सांगितले, ते माझे मला ठाऊक. नारायणस्वामी भला माणूस, हो म्हणाले. मेस्त्रीने आपल्या सुतळीबरहुकूम भोके पाडली. त्यातले एक त्यांच्या आरामखुर्चीखाली निघाले आणि दुसरे त्यांच्या देवघरात, देव्हाऱ्याच्या ऐन समोर!

त्यांच्या सौभाग्यवती सीतालक्ष्मी मामींनी देवापुढे जमिनीतून उगवलेला बोल्ट पाहिला आणि मटकन खाली बसल्या. मला वाटले आता घर खाली करावे लागणार. पण बाई मोठी श्रद्धाळू. दुसऱ्या दिवशी बोल्टाभोवती कोलम, म्हणजे त्यांची तांदळाच्या पिठाची रांगोळी, होते. शुक्रवारी त्याला हळदकुंकू लागले, एक मोगऱ्याचे फूल मिळाले. आता तो पूजेत आहे. (आपण तंजावरला राहून जे पुण्य मिळवले नसेल ते त्या बोल्टाला अड्यारला मिळते आहे.)

यापुढचे ऐका. झोपाळा टांगला. आपली गाठ प्रमाण मानल्यामुळे तो हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो. दार आत उघडते. बाहेरून येणाऱ्याने दार थोडे ढकलून झोपाळा कुठे आहे ते पाहायचे आणि तो पलीकडे गेला की झटकन आत शिरायचे. आमच्या ऑफिसचे सुपरिंटेंडेंट आले होते, त्यांना ही रीत माहीत नव्हती. त्यांच्या नडगीवर अजून काळे आहे आणि माझ्या बढतीचे नाव कोणी काढत नाही. सोफा हॉलमध्ये मावेना, म्हणून तो स्वयंपाकघरामागच्या व्हरांड्यात गेला. त्यावर सध्या तांदळाचे पोते आणि शेजारच्यांचे मांजर बसते. चंद्रिका तो रंग पाहते आणि माझ्याशी बोलत नाही. आपल्याशी बोलायला आपण इथे नाही, म्हणून तोही वाटा मलाच.

आणि हे सगळे सोसून मी झोपाळ्यावर बसतो असे आपल्याला वाटत असेल. मी अजून एकदाही धड बसलेलो नाही. पहिल्याच दिवशी पाय हलवला तर वर देव्हाऱ्यातली छोटी घंटा वाजली. नारायणस्वामी खाली आले. म्हणाले, हादरा किती बसतो ते तपासायला हवे. स्वतः झोपाळ्यावर बसले, मामी वर घंटेवर लक्ष ठेवून राहिल्या. हळू झोका घेतला, घंटा वाजली नाही. जरा जोरात घेतला, वाजली. मधला कोणता झोका चालेल ते ठरवायला हवे म्हणाले आणि तेव्हापासून ते तपासत आहेत. रोज चार वाजता येतात, रात्रीच्या जेवणाला जातात. खांद्यावरचा पंचा बाजूला ठेवून फळीवर आडवे होतात. थोड्या वेळाने आत तोंड करून म्हणतात, "कापी किडैक्कुमा?" (कॉफी मिळते का असे विचारतात, न मिळायचा प्रश्नच उरत नाही.) मी ऑफिसातून दमून येतो, झोक्याचा अंदाज घेऊन आत शिरतो, तर माझ्याच घरात मला हाताने स्टूल दाखवून "उक्कारुंगो, उक्कारुंगो," म्हणजे बसा, बसा! मी बसतो. काय करणार? मालक आहेत, वयाने मोठे आहेत, जमीन त्यांची आहे. मोठा माणूस झोपाळ्यावर असताना लहानाने त्याला ऊठ म्हणायचे नाही, हे आपणच मला लहानपणी कान धरून शिकवले आहे.

एवढे झाल्यावर मी आपल्याला लिहिले, झोपाळा टांगला, आता या. त्यावर आपले कार्ड काय आले? भिंतींचा पिस्ता रंग आपल्या डोळ्यांना मानवणार नाही! पुढच्या कार्डात, झोपाळ्यासमोर सोन्याच्या कामाचे कृष्णाचे मोठे चित्र हवे, नाहीतर बसून पाहायचे काय? (नारायणस्वामींना पाहा.) कालच्या कार्डात, मोरीचा उतार. सासरेबुवा, माणसाने किती सहन करावे? आपल्या प्रत्येक कार्डावर चंद्रिका आधी शेवटची ओळ वाचते, येतो म्हणून लिहिले आहे का ते बघायला. नंतर कार्ड मला देते आणि चूल फुंकत बसते. मुलीला असे टांगून ठेवायला तिला साखळ्या लावलेल्या नाहीत. यायचे असेल तर हो म्हणा, नसेल तर नाही म्हणा, आम्ही रडून मोकळे होऊ. पण भिंतीच्या रंगाआड लपू नका. आणि यायचेच नसेल तर आपला झोपाळा आपण परत न्यावा. माझा हॉल मला हवा आहे, तिचा सोफा तिला हवा आहे. मांजराचे काय ते मांजर पाहील.

अधिक लिहिण्यासारखे पुष्कळ आहे, पण ते लिहिण्यासारखे नाही. लोभ असेल तसा असू द्यावा.

आपला जावई (आज फक्त जावईच)
एकोजी

ता. क. झोपाळा परत न्यावा असे वर लिहिले आहे, ते जमेलसे दिसत नाही. पत्र मिटता मिटता मी वर जाऊन सहज विचारून आलो. देवापुढचा बोल्ट आता उपटता येणार नाही, अपशकुन होईल, असे सीतालक्ष्मी मामींनी स्पष्ट सांगितले. तेव्हा झोपाळा राहणार. पिस्ता रंगही राहणार.

दुसरे ता. क. आता खरे काम लिहितो. नारायणस्वामींना झोपाळ्यावरून उठवणे माझ्याने होत नाही. पण मी आडून चौकशी केली आहे, ते आपल्याहून वयाने लहान आहेत. आपण दारात येऊन नुसते खाकरलात तरी त्यांना उठावे लागेल. मला ते एकदा उठलेले पाहायचे आहेत. त्यासाठी तरी यावे.

तिसरे ता. क. पत्र आईने वाचून घेतले. (ती म्हणाली, "वाच मोठ्याने." मी रागाचे भाग हळू वाचले, तरी तिने ऐकले.) ऐकून हसली आणि मला वेडा म्हणाली. म्हणाली, "अरे, त्याला ऊंजल कशास? तो लेकीच्या घरचे पाणी पीत नाही. नातवंडाचे तोंड पाहीतोवर पिणार नाही. लाजतो सांगावयास, म्हणून भिंती दाखवतो." चंद्रिका आत गेली, पण रडली नाही. मग आई म्हणाली, "त्याला लिही, हे घर माझे. मी या घराण्यात आधी आले, ती मागून सून म्हणून आली. थोरल्या बहिणीच्या घरी भाऊबीजेला जेवत नाही तो भाऊ कसला? जेवून मग राहा म्हणावे, जितके दिवस बहीण आहे तितके दिवस."

भाऊबीज पुढच्या शुक्रवारनंतरच्या शुक्रवारी आहे. एग्मोर स्टेशनवर मी घ्यायला येतो. वर जे सगळे लिहिले ते सासऱ्याला लिहिले होते, ते तिथेच राहू द्या. चंद्रिकेने मामींचा पेला कपाटातून काढून घासून ठेवला आहे. तुम्ही कूजा तंजावरलाच ठेवून या, मामा.