पट्टी वाचायला अक्षर लागत नाही

६ नोव्हेंबर, गुरुवार

विजू, ही वही तू कधी उघडलीसच तर आधी चष्मा शोध. कपाळावर आहे! पण तू कशाला उघडतोस. आईनं वही धरलीय, हेच तू उद्या दुपारपर्यंत विसरशील.

बोलते मी, बायडाबाई. अक्षर एक येत नाही. लिहिते सून, वर्षाराणी. बारावी पास! चंदगडात बारावी शिकली, मुडशिंगीत नांदायला आली आणि सासूचं मूत मोजायचं कपाळी आलं. — लिही की! थांबलीस का? जसं बोलते तसं लिहायचं ठरलंय.

शाहूपुरीतल्या डॉक्टरानं फोटोत मूतखडा दाखवला. हरभऱ्याएवढा. म्हणाला, "आजी, ह्यो आंबटपणानं धरलेला खडा हाय. लघवीतला आंबटपणा कमी झाला तर विरघळंल. न्हाय झाला तर कापाकापी." म्हणून रोज सकाळी पट्टी बुडवायची आणि आकडा त्यानं दिलेल्या कार्डावर मांडायचा. कार्ड त्याचं. वही माझी.

औषध तोंडात धरवत नाही. मटण बंद. दोडका चालू! दोडका मी म्हशीला घालते.

७ नोव्हेंबर

बघितली पट्टी. बोटाएवढा कागद, टोकाला रंग. डबीवर रंगांची ओळ — नारिंगी, पिवळा, पोपटी, हिरवा, निळा. पेल्यात मूत धरायचं, त्यात पट्टी बुडवायची, झटकायची, दम धरायचा, मग डबीला लावून कुणाशी जुळते बघायचं. नारिंगीकडं आंबट, निळ्याकडं खार. मधे सात, म्हणजे साधं पाणी. आम्हाला हवा साडेसहा ते सात. हिरवा.

वर्षा मला शिकवायला लागली. "आत्ती, त्या कागदात असा रंग असतोय, की आंबट लागलं की..."

म्हटलं, गप! हळदीचा डाग पडलेलं लुगडं साबणात घातलं की डाग लाल होतो. लिंबू पिळलं की परत पिवळा. ही पट्टी म्हणजे तेच लुगडं, फाडून डबीत भरलेलं.

आज नारिंगी. "पाच, आत्ती." मला दिसत नाही व्हय? रंग वाचायला शाळा लागत नाही.

म्हणे सहाचा पाच झाला की आंबटपणा दहापट होतो. एका पायरीला दहापट! आमची भांडणंसुद्धा एवढी भराभर चढत नाहीत.

८ नोव्हेंबर

पाच. दोडका.

९ नोव्हेंबर, रविवार

शेजारी बनाबाईकडं तांबडा रस्सा शिजला. वास भिंतीवरून उडी मारून आला. मी दोडका चघळत बसले. वर्षा म्हणते, "आत्ती, आजून वाढू?" आणि हसली! हसलीस का नाहीस? मग लिही — हसली.

११ नोव्हेंबर

हिरवी! साडेसहा! विजूनं पेढे आणले. मला दिला नाही, पण आणले.

वर्षा मात्र पेल्यात वाकून बघत बसली. म्हटलं, काय शोधतीस? मोती पडलाय माझा?

१४ नोव्हेंबर

हिरवी. दुपारी बनाबाईकडं जरा बसून आले.

१८ नोव्हेंबर

आज निळी. आठ! वर्षाचे डोळे बशीएवढे. "आत्ती, येवढी निळी कशी?" म्हटलं, औषधाला गुण आहे बाई, तुझ्या हाताला नसला तरी.

मग म्हणते, "पापडखाराचा डबा निम्मा झालाय. पापड तर आपण उन्हाळ्यात लाटतो." म्हटलं, उंदरांनी खाल्ला असंल. तुझ्या माहेरचे असतील, चंदगडच्या पावसाला कंटाळून आलेले! तिनं हे पण लिहिलं. अक्षर वाकडं आलं का, कळायला मार्ग नाही मला.

२५ नोव्हेंबर

हिरवी.

१ डिसेंबर

हिरवी. कंबरेत कळ. वर्षाला सांगितलं नाही. आता सांगितलं, कारण लिहितेय तीच. विजूला बोललीस तर बघ!

४ डिसेंबर, गुरुवार

डॉक्टरानं नवीन फोटो काढला. हरभऱ्याचा चिंचोका झालाय. एकदा कार्ड बघतो, एकदा फोटो बघतो. "आकडे सगळे चांगले, आणि खडा वाढलाय? असं व्हायला न्हाय पायजे."

गाडीत विजूनं तोंड उघडलं ते मुडशिंगीचा फाटा येईस्तोवर मिटलं नाही. "पट्टी बुडवत हुतीस, का चुलीम्होरं बसून आकडे भरत हुतीस? माझ्या आईच्या जिवाशी खेळलीस!" वर्षा माझ्याकडं बघत होती. मी खिडकीतून ऊस बघत होते. ऊस चांगला आलाय औंदा.

"उद्याच्या एसटीनं चंदगडला जायचं. परत बोलवल्याबिगर यायचं न्हाय." असं तो म्हणाला.

हे सगळं तिलाच लिहायला लावलं. बॅग भरून दाराशी ठेवली आणि लिहायला बसली. आता म्हणते, "आत्ती, वही तेवढी जपून ठेवा." ठेवीन की! माझं बोलणं आहे त्यात, तुझं काय आहे?

७ डिसेंबर, रविवार

लिहायला माणूस नाही. विजूनं फोन दाखवला. बोललं की लिहितो म्हणे. बरा आहे. डोळे वर करून बघत नाही, हसतही नाही.

तर ऐक, फोना. खार मीच टाकत होते. पदराच्या गाठीत चिमूटभर पापडखार, न्हाणीत गेलं की पेल्यात. पहिल्यांदाच साधला, हिरवी आली. एकदा हात सैल सुटला तर निळी! औषध रोज जास्वंदाच्या बुडाशी. आणि बनाबाईकडं मटणाची वाटी, दर चार दिवसाला. तिला म्हटलं होतं, डॉक्टरानं पथ्य उठवलंय.

खार पोटात गेला नाही, पेल्यात गेला. पट्टी पेल्यातलं सांगते. पोटातलं तिला काय ठाऊक! ती बिचारी खरंच बोलली रोज.

गाडीत का बोलले नाही? बोलले असते तर मटण गेलं असतं आणि मानही गेली असती. सून काय, चार दिवसांनी परत आणता येते. माझ्या सासूनं मला तीनदा माहेरी धाडली होती, आणि मी काही केलंसुद्धा नव्हतं. मरायला टेकली तेव्हा पाणी मीच पाजलं.

बुधवारी कापणार आहेत. कळ आता बसू देत नाही. एक मात्र नवल — एवढा खार उपसला, पण डबा कधी तळाला गेला नाही. बरकतीचा डबा!

८ डिसेंबर, सोमवार

दवाखान्याचे कागद शोधताना विजूला वही सापडली. चष्मा शोधत होता. मीच सांगितलं, कपाळावर आहे.

मोठ्यानं वाचली त्यानं. अकरा तारखेपासून माझ्या बोलण्याखाली रोज तिची एक ओळ आहे. बारीक अक्षरात. "पेल्याच्या तळाशी पांढरे दाणे." रोज तेवढंच. शेवटच्या पानावर मात्र जास्त आहे — "उघड बोलले असते तर आत्ती थांबल्या असत्या. म्हणून बोलले नाही. खाराचा डबा मीच भरत होते."

माझ्यासमोर बसून लिहिलं की हे! मी बोलत होते आणि ती लिहीत होती!

विजू खाली बसला. मी हसले, कळ येईस्तोवर हसले. पंधरा वर्षं मला वाटत होतं, ह्या पोरीला माझ्या घरचं वळण काहीच लागलं नाही.

विजू, जा, घेऊन ये तिला. आणि बुधवारनंतर दवाखान्यात डबा तिच्याच हातचा पाठवायचा. भाकरी आणि दोडका. पहिला घास तिनं माझ्यासमोर खायचा.