दाजींचे थेंब

दौलताबाद, २ फेब्रुवारी १९५४

चि. बद्रीनाथ यास ताईचे अनेक आशीर्वाद वि. वि.

इकडं सगळे खुशाल, असं लिहायची रीत म्हणून लिहिते. तुझ्या दाजींनी दिवाळीपासून साखरेच्या दुखण्याची सुई बंद केलीय. काकासाहेब डॉक्टरांनी पाण्यातून घ्यायचे थेंब दिलेत. रोजचं टोचणं सुटलं म्हणून स्वारी खूश. आता मी बागेतली अंजिरंही खातो, असं मास्तरला कळव म्हणाले. पण तळपाय बधिर झालेत, हात काळवंडलेत, तहान तर भागतच नाय. औषधाचं नाव आर्सेनिक ब्रोमाइड. तू कॉलेजात रसायन शिकवतोस, हे काय असतं ते लवकर कळव. माया असू दे.

तुझी ताई, मनकर्णा

औरंगाबाद, ५ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस बद्रीनाथचा शि. सा. नमस्कार.

ताई, आर्सेनिक म्हणजे सोमलातलं विष. ते ब्रोमीनशी जोडलं की पिवळसर खडे होतात. आपल्या उन्हाळ्यात ते बाटलीतच वितळतात. पाण्यात पडले की फुटतात, आणि उरतं आम्ल नि पुन्हा सोमलच. इन्सुलिन निघण्याआधी मधुमेहावर, फेफऱ्यावर असले थेंब देत, दुसरं काही हाताशी नव्हतं म्हणून. त्यानं साखर हटत नाही, अंगात विष मात्र साठतं. थेंब आजच थांबव आणि दाजींना घेऊन ताबडतोब ये. सुईवाचून त्यांचं चालणार नाही. वाट पाहतो.

तुझा बद्री

दौलताबाद, २६ फेब्रुवारी

चि. बद्रीनाथ यास आशीर्वाद.

दाजींचे दिवस करून तू परत गेलास, घर लई मोकळं झालं. तू होतास तेव्हा माणसांच्या गर्दीत सांगायचं राहिलं, म्हणून लिहिते. पत्र आलं तसे मी थेंब ओतून टाकले. पण हे म्हणाले, अंजिरं उतरली की जाऊ, चार दिवसांत काय होतंय. माझं काही चाललं नाय. मग एका सकाळी श्वास भात्यासारखा चालू झाला, हाक मारली तर ओळख नाय. गाडी जुंपली. पडेगावपाशी श्वास थांबला. पुढं शहर दिसत होतं.

काल काकासाहेब डॉक्टर आले. चांगलं सुनावायचं म्हणून मी बसले होते. ते म्हणाले, हेच थेंब मी माझ्या आईला देतो, तिचेही पाय बधिर झालेत. तुझं पत्र त्यांच्या हातात दिलं. वाचलं तसे म्हणाले, आईचे थेंब आजच बंद.

उद्या ते म्हातारीला घेऊन तुझ्याकडं येतील. बद्री, त्यांच्यावर नंतर रागव. आधी तिला दवाखान्यात ने.

माझ्यावरचा लोभ आहे तसाच राहू दे. उद्या थोडा तिच्यावरही कर.

तुझी ताई