साकु

अण्णा, परवा समोरच्या घरातलं कुत्रं गेलं. मुलं रडत होती, शेजारच्या बायका हळहळत होत्या, आणि मी गॅलरीत उभी राहून त्या घरच्या मालकाकडे बघत होते. साधा माणूस, बँकेत जातो, कॉफीपलीकडे कशाला शिवत नाही. त्याचं काही बिघडणार नव्हतं. तरी तो संध्याकाळी कामावरून परत येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. सुनेनं विचारलं, काय झालं? तिला काय सांगणार, कप्पाळ! म्हणून तुम्हाला सांगते आहे.

म्हैसूर राज्याची नवी मांडणी झाली त्या सुमाराची गोष्ट. तुम्ही मल्लेश्वरममध्ये एका शिंप्याच्या दुकानात कटर होता. कोटाचं कापड बेतावं तर तुम्हीच, असं मालक गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगत. पण दुकानातून निघालात की यशवंतपूरच्या रस्त्यावरच्या सारायीच्या, म्हणजे गावठी दारूच्या, दुकानाशी थांबायचं आणि मग घर. पुढे पुढे सकाळीही घोट लागायला लागला, त्याशिवाय कात्री धरवत नसे. एका नवरदेवाच्या कोटाचं कापड तुम्ही भलतीकडेच कापलंत. मालक ओरडले नाहीत. ‘अण्णा, उद्यापासून तुम्ही काज-बटणं बघा,’ एवढंच म्हणाले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं, असं आई पुष्कळ वर्षं म्हणायची.

पिल्लू त्याच आठवड्यात आलं. सारायीच्या दुकानाबाहेर कुणीतरी त्याच्या अंगावर कढत पाणी ओतलं होतं, पाठीची कातडी सोलवटली होती. तुम्ही त्याला सदऱ्यात गुंडाळून आणलंत आणि झोकांड्या खात आमच्या पायरीवर बसलात. शेजारच्या कानडी अज्जी बाहेर आल्या आणि कमरेवर हात ठेवून तुमच्यावर ओरडल्या, ‘साकु! साकु!’ कानडीत साकु म्हणजे पुरे. आता ही दारू पुरे कर, असं त्या सांगत होत्या, हे सगळ्या गल्लीला कळलं. पण साकु म्हणजे पाळ असाही अर्थ होतो, आणि तुम्हाला त्या अवस्थेत नेमका तोच ऐकू आला. सकाळी आई पिल्लाला बाहेर काढायला लागली तर तुम्ही म्हणालात, ‘राहू दे की. अज्जींनीच सांगितलंय, साकु म्हणून.’ आई आधी बघतच राहिली, मग इतकी हसली की तिला तोंडात पदर कोंबावा लागला. आमच्या घरात कुणी हसलं ते फार दिवसांनी. कुत्र्याचं नाव तेच पडलं.

तो तुमच्याबरोबर दुकानात जायला लागला, दिवसभर टेबलाखाली झोपायचा. संध्याकाळी मात्र त्या रस्त्याच्या तोंडाशी आला की चारी पाय रोवून बसायचा. भाजलेली पाठ तो विसरला नव्हता. तुम्ही ओढलंत, शिव्या घातल्यात, एकदा त्याला टाकून पुढे गेलात, तर त्यानं असा काही गळा काढला की कोपऱ्यावरच्या पानवाल्यानं तुम्हाला हाका मारून परत बोलावलं. त्या दिवशी तुम्ही न पिता घरी आलात. मग दुसऱ्या दिवशीही.

पुढचे दिवस मला आठवायला नको असतात. स्वयंपाकघरात तुम्ही भिंतीला टेकून बसला आहात. डॉक्टर औषध देऊन गेलेत, जाताना आईला बाजूला घेऊन ‘दारू अशी एकदम तोडली की माणूस दगावतोसुद्धा’ म्हणालेत. सदरा घामानं चिकटलाय. अंगावर मुंग्या चढताहेत म्हणून तुम्ही हात झटकता, आणि मुंगी एकही नाही. आईला जवळ येऊ देत नाही. साकु तेवढा मांडीवर चढून झोपतो, आणि त्याची झोप मोडू नये म्हणून तुम्ही हलत नाही. त्याच्या पोटावर ठेवलेल्या तुमच्या हाताची थरथर हळूहळू कमी होते.

एकदाच घसरलात. त्याला कोपऱ्यावरच्या खांबाला बांधून सारायीच्या दुकानात गेलात आणि मागच्या वाटेनं घरी आलात. आईनं दारातच विचारलं, ‘साकु कुठं आहे?’ तेव्हा तुमचा चेहरा मी पाहिला. तसा चेहरा तुम्ही आमच्यापैकी कुणासाठी केला नव्हता, हे मला तेव्हा लागलं आणि अजूनही लागतं. तुम्ही अनवाणी धावलात. तो तिथंच होता, दोरी ओढून ओढून मान सोलून निघालेली. त्यानंतर तुम्ही थेंबाला शिवला नाहीत. हातात पुन्हा मोठी कात्री आली.

लोकांना वाटलं, सुटले एकदाचे. आम्हाला धास्ती लागली ती तिथून पुढे. म्युनिसिपालिटीची कुत्री पकडणारी गाडी गल्लीत शिरली की आई हातातलं टाकून साकुला न्हाणीघरात कोंडायची. तूपभात आधी त्याला, मग आम्हाला. मी चिडले तर म्हणाली, ‘स्वल्प अक्कल चालव की! कुत्र्याचं आयुष्य ते किती?’ ते ऐकलं आणि मला त्याच्याकडे नीट बघवेना. त्याच्या तोंडावरचे केस पांढरे व्हायला लागले, तो मागच्या पायानं लंगडायला लागला, तुम्ही त्याला उचलून गटार ओलांडायला लागलात. माझं लग्न एवढ्या घाईनं का केलं, असं तुम्ही आईला विचारलं होतं. मला शिकवायचं होतं तुम्हाला. आईनं काहीतरी थातुरमातुर सांगितलं. खरं कारण ती माझ्या कानाशी बोलली होती, ‘साकु आहे तोवर उरकून घेऊ.’

तो गेला तेव्हा मी माहेरी होते. तुम्ही त्याला कोटाच्या अस्तरात गुंडाळलंत, शेवग्याखाली पुरलंत, हात धुतलेत आणि कामावर गेलात. संध्याकाळी आई आणि मी दारात उभ्या. तुम्ही आलात, चपला काढल्यात. ‘कॉफी दे,’ म्हणालात. आईनं दिली, आणि तुम्ही पिऊन संपवेपर्यंत ती समोरून हलली नाही. पुढे ती असेपर्यंत रोज तशीच उभी राहायची. तुम्ही एकदाही उशीर केला नाहीत. तुम्ही सुटलात, अण्णा. आम्हाला सुटता आलं नाही.

हे पत्र मी कुणाच्या हाती लागू देणार नाही, उद्या बंबात घालीन. त्याआधी एक सांगते. शेवटी तुम्ही हॉस्पिटलात होता, बोलणं जवळजवळ बंद झालं होतं, ओठ हलले म्हणून मी तुमच्या तोंडाशी वाकले. अण्णांनी काय सांगितलं, असं धाकटा भाऊ अजून दर श्राद्धाला विचारतो. देवाचं नाव घेतलं, असं मी सांगते. काय म्हणालात ते मला माहीत नाही. मी ऐकायला वाकले नव्हते. मी वास बघत होते.