डाळीएवढा चेहरा

१२ जून २००४, लातूर

कॅमेऱ्यात दोष नाही, माझ्यात आहे — गंजगोलाईतल्या दुकानदाराने आज दुजोरा दिला. "साहेब, लेन्सवर तुमचंच बोट हाय!" बावीस वर्षं बातम्या लिहिल्या, फोटो कायम दुसऱ्याने काढले. शिकवणारं कोणी नाही. माहितीपुस्तकातली अक्षरं मुंगीएवढी. बघू.

१४ जून

फुलाचं चिन्ह असलेलं बटण दाबून तुरीची डाळ टिपली. एकच दाणा! त्यावर रेषा, खड्डे, चिकटलेलं साल. रोज वरण खातो. डाळ आज पाहिली.

१५ जून

रात्रंदिवस क्लासच्या पोरांनी भरलेली शिवमूर्तीची मेस. जेवता जेवता त्याला कॅमेऱ्यातली डाळ दाखवत होतो, तर त्याची आई लक्ष्मम्मा पोळपाट सोडून आली. भिंतीवर तिच्या गावच्या शाळेचा फोटो आहे, चौथीचा वर्ग, भूकंपाच्या ढिगाऱ्यातून निघालेला. दुसऱ्या ओळीतल्या तिसऱ्या मुलीवर, काचेवरच, कुंकवाचा टिपका. ती तिची महानंदा. गेली. दुसरा फोटो नाही. रोज त्यालाच उदबत्ती.

"एवढीशी डाळ मोठी होती तुमच्या डबीत, मग माझी पोर न्हाई का व्हायची?"

त्र्याण्णवला त्याच गावाहून मी आठ दिवस आकडे पाठवले होते. चेहरा एकही आठवत नाही. हो म्हणालो.

१६ जून

बारा फोटो. बाराही वेळा काचेत मीच — शर्ट, चष्मा, फ्लॅशचा गोळा.

१८ जून

जमलं! काच काढायची. फ्लॅश बंद. फोटो दारातल्या उजेडात, कॅमेरा पोरांच्या नोट्सच्या गठ्ठ्यावर, आणि बटणाला दहा सेकंदांचा टायमर, म्हणजे हात हलायलाच नको. मी श्वासही धरून ठेवला होता. त्याची गरज नव्हती.

१९ जून

कॅमेऱ्याची पिवळी पिन मेसच्या टीव्हीत घातली. दुपारची पंगत चालू. दुसरी ओळ, तिसरी मुलगी — मोठी करत गेलो. टीव्हीभर चेहरा! चापून पाडलेला भांग, ओठावर तीळ. पोरांचे घास हातातच.

लक्ष्मम्मा पडद्याजवळ गेली. खूप वेळ पाहिलं. "ही न्हाई."

"आई, चष्मा पूस आधी!" शिवमूर्ती.

"हापशावर पडून माझीचा म्होरला दात अर्धा तुटलेला. हिचे समदे हायेत."

एकेक चेहरा सरकवत गेलो. मागच्या ओळीत, अगदी कडेला — हसणारी. अर्धा दात!

लक्ष्मम्मा टीव्हीच्या काचेवर बोट फिरवत राहिली. त्या कागदात ही पोर दहा वर्षं हसत होती आणि कुणी पाहिलं नव्हतं.

२० जून

लक्ष्मम्मा जेवत नाही. शिवमूर्ती म्हणाला, "आई भ्याली, साहेब. ती तीळवाली जगली असंल तर? जित्या पोरीला मेल्यावानी उदबत्ती लावली म्हणती."

मलाही रुखरुख लागली — काच मीच काढली.

२२ जून

शाळेचे ग्यानोबा गुरुजी मुखेडला असतात. फोन लागला. तीळवाली म्हणजे शेजारच्या वाडीची रेणुका. "छावणीत लक्ष्मम्माला 'ही तुझी' म्हणून त्या फोटोवर बोट मीच ठेवलं होतं. डोळ्यांपुढं दिसतच नव्हतं हो काही." रेणुका आहे का, विचारलं. "हाय की! मामाकडं वाढली. नांदेडला डी.एड. करती." नंबर दिला.

२३ जून

रेणुकाला सगळं सांगितलं. रागावेल वाटलं. म्हणाली, "माझे आईबाप दोघंही त्या पहाटे गेले, सर. माझं रोज कुणी काही करतंय, हे मला माहीतच नव्हतं."

शब्दाला शब्द लक्ष्मम्माला सांगितलं. ती उठली, हात धुतले. "शिवा, पुरणाला डाळ काढून ठेव."

रविवारी सकाळच्या एसटीने रेणुका येते आहे.