गुलामाच्या पाठीवर नखाची खूण

विश्रांतवाडी, पुणे
२१ नोव्हेंबर २००४

तीर्थरूप इंदूअक्काला धाकट्या उत्तरेश्वरचा पायांवर डोके ठेवून नमस्कार.

तुझा दमा थंडीने वाढला नसेल अशी आशा आहे. कळंबहून पाठवलेल्या करंज्या पोचल्या. त्यातल्या अर्ध्या वाटेतच फुटल्या होत्या, पण फुटलेल्या करंज्या मोजायच्या नसतात असे नातवंडांनी ठरवल्यामुळे त्या आधी संपल्या. आम्ही सर्व खुशाल आहोत. म्हणजे सर्व खुशाल आहेत आणि मी आहे. फोन करणार होतो, पण आमचा फोन हॉलमध्ये आहे आणि हॉलमध्ये सध्या माझ्याविषयी मत चांगले नाही, म्हणून हे पत्र.

झाले असे, की दिवाळीच्या सुट्टीत मुलांनी टीव्हीपुढे बसू नये म्हणून सूनबाईने पत्त्यांचा एक खेळ घरात आणला. (प्रियदर्शनी खराडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, तुला ठाऊकच आहे. तिथे कुटुंबांसाठी एक दिवस ठेवतात, त्यात ती हे शिकून आली. आमच्या खडकीच्या कारखान्यात तेहतीस वर्षांत कुटुंबाला गेटच्या आत घेतले नाही, आणि दारूगोळ्याचा कारखाना असल्यामुळे ते बरेच झाले.) खेळाचे नाव मुलांनी ठेवले धपाटा. खायचा नव्हे. प्रत्येकाने आपला गठ्ठा पालथा हातात धरायचा आणि पाळीपाळीने वरचे पान मध्ये उलटायचे. राजा आला की सगळ्यांनी सलाम ठोकायचा, राणी आली की टाळी, एक्का आला की उठून गिरकी घेऊन पुन्हा बसायचे, आणि गुलाम आला की मधल्या ढिगावर धपाटा. ज्याचा हात सर्वांत शेवटी पडेल, त्याने ढीग उचलायचा. ज्याची पाने आधी संपतील तो जिंकला.

तुला वाटेल, यात काय मोठेसे. अक्का, चौसष्टाव्या वर्षी जमिनीवरून उठून गिरकी घेऊन पुन्हा बसणे म्हणजे काय, हे मी तुला काय सांगावे. मी बसेपर्यंत पुढची दोन पाने पडून गेलेली असत. सात वर्षांची सृष्टी विजेसारखी. चार वर्षांचा दत्तप्रसाद राजाला टाळी आणि राणीला सलाम करायचा, पण धपाट्याला त्याचाही हात माझ्या आधी पडायचा. तुझी भावजय गोदा स्वयंपाकघरातून मध्येच येऊन एक डाव खेळायची आणि जिंकून पोळ्या लाटायला परत जायची. सहा दिवस मी रोज हरलो. सातव्या दिवशी सृष्टी म्हणाली, "आजोबा, तुम्ही नुसते बघायला बसा ना. स्कोअर लिहा." तिने प्रेमाने सांगितले, हे तेव्हाच कळायला हवे होते.

त्या दुपारी घरात कोणी नव्हते. मी पत्त्यांचा जोड काढला आणि चारही गुलामांच्या पाठीवर, कोपऱ्यात, अंगठ्याचे नख दाबले. कारखान्यात तपासणीवर आयुष्यभर दुसऱ्याच्या मालातली खोट शोधली, स्वतः खोट कधी घातली नव्हती, पण हात चांगला बसला. आता कोणाच्याही गठ्ठ्यावर वरचे पान गुलाम असले की मला आधीच दिसायचे, आणि पान उलटेपर्यंत माझा हात हवेत असायचा. संध्याकाळी मी जिंकलो. दुसऱ्या दिवशी दोनदा जिंकलो. प्रियदर्शनीने मुलांना समोर बसवून सांगितले, की बघा, या वयात आजोबांनी प्रॅक्टिस केली, हार मानली नाही. मी मान खाली घातली. (सर्वांना तो विनय वाटला.) सृष्टीने ते इतके मनावर घेतले की ती सकाळी उठून भिंतीवर थापा मारायचा सराव करू लागली. गोदाने तिच्या लाल झालेल्या तळहाताला खोबरेल चोळले, तेव्हा तेलाची वाटी मी धरली होती.

भाऊबीज झाली आणि पत्ते लावता लावता सृष्टीला त्या खुणा दिसल्या. बारीक, अर्ध्या चंद्रासारख्या. तिने एका क्षणात निकाल दिला, की दत्तू चावला. पुरावा भक्कम होता. त्याने त्या आठवड्यात रिमोट, साबण आणि बापाच्या, म्हणजे योगेशच्या, मोबाईलचे कव्हर चावले होते. प्रियदर्शनी मुलांना मारत नाही. तिच्याकडे एक पुस्तक आहे, त्याप्रमाणे जेवढे वय तेवढी मिनिटे कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसवायचे. दत्तू चार मिनिटे बसला, आणि सुट्टी संपेपर्यंत त्याला धपाट्यातून काढून टाकले. तो हमसून हमसून रडत होता आणि मी पेपर वाचत होतो. पहिले पान, मग पुन्हा पहिले पान. मग दूध आणायला गेलो. दूध घरात होते.

रात्री जेवायच्या आधी तो माझ्या मांडीवर येऊन बसला. म्हणाला, "आजोबा, मी चावलो ना, ते मला आठवतच नाही. पण आता नाही चावणार."

इथे मी खरे बोललो असे लिहायला मला फार आवडले असते. मी म्हणालो, अरे, तू नसशीलच, उंदीर असेल. आणि हे सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, म्हणजे पोराची सुटका होईल आणि माझीही.

अक्का, गोदाच्या घरात उंदीर. तू तिला ओळखतेस. तिने त्याच वेळी फराळाचे डबे उघडले, दुसऱ्या दिवशी माळा रिकामा केला, गाद्या गच्चीवर नेल्या, खालच्या मजल्यावरच्यांना जबाबदार धरले. माझ्याकडून कपाट सरकवून घेतले, तेव्हापासून कंबर धरली आहे. (तक्रार करत नाही.) तरी उंदीर मिळेना, म्हणून शुक्रवारी योगेशने रजा टाकून औषध फवारणाऱ्या माणसाला बोलावले. तो शांत गृहस्थ होता. त्याने लेंड्या कुठे आहेत विचारले. नव्हत्या. काही कुरतडले आहे का विचारले. सृष्टीने धावत जाऊन चारही गुलाम आणून दिले. त्याने ते उजेडात धरले, पाठीवरून बोट फिरवले आणि म्हणाला, "हा उंदीर नाही, काका. हे नख आहे. आणि उंदराला गुलाम तेवढे ओळखू येत नाहीत."

तो माझ्याकडेच बघून का बोलला, ते मला माहीत नाही. कदाचित काका मी एकटाच होतो. दत्तू स्वतःची नखे बघत होता, एकेक करून. ते मला बघवले नाही. मी म्हणालो, "माझं आहे. दत्तूने काही केलं नाही. मी हरत होतो म्हणून केलं."

गोदाने फक्त गच्चीवरच्या गाद्यांकडे जाणाऱ्या जिन्याकडे पाहिले. योगेशने त्या माणसाला चहा विचारला. सृष्टी तळहात मागे लपवून म्हणाली, "म्हणजे तुम्ही फास्ट झालाच नव्हतात?" मी नाही म्हणालो. ती आत गेली.

शिक्षा दत्तूने सुनावली. वयाइतकी मिनिटे. प्रियदर्शनी म्हणाली, बाबा, राहू द्या, पण मीच जाऊन बसलो. कोपऱ्यातल्या त्या छोट्या खुर्चीवर चौसष्ट मिनिटे. दत्तू पहारा करत होता. त्याला घड्याळ कळत नाही, म्हणून दर थोड्या वेळाने मीच त्याला किती उरली ते सांगत होतो, आणि खरे सांगत होतो. विसाव्या मिनिटाला त्याने मला पाणी आणून दिले. संपल्यावर सृष्टीने निरोप पाठवला, की खेळायचे असेल तर आजोबांनी डोळे मिटून खेळावे. काल तसा खेळलो. तीनही डाव हरलो.

तू प्रकृतीला जप. सर्वांना यथायोग्य सांगावे.

तुझा,
उत्तरेश्वर

ता. क. अक्का, पत्र खरे यासाठी आहे. त्या खुर्चीवर बसून मला दुसरे काही आठवले नाही, फक्त आपला धाकटा भाऊ सुखदेव आठवला. एका दिवाळीला कंदिलाची नवी काच फुटली, बाबांनी सुखदेवला ओट्यावर उभे केले आणि त्याला त्या वर्षी नवा सदरा दिला नाही. तो पाच वर्षांचा होता. काच माझ्या हातून फुटली होती. तू दारात होतीस. तू पाहिले होतेस आणि मी तुझ्याकडे असे पाहिले की तू बोलली नाहीस. सुखदेव तुझ्या शेजारीच राहतो. हे पत्र त्याला वाचून दाखव. मात्र आधी त्याला ते आठवते का, एवढे विचार. आठवत नसेल तर पत्र ठेवून दे, उगाच या वयात त्याला त्रास नको.

दुसरा ता. क. विचारू नकोस. त्यानंतर कितीतरी वर्षे तो कंदिलाला हात लावत नसे. काच पुसायची त्याची पाळी मीच करायचो आणि मोठा भाऊ किती चांगला म्हणून शाबासकी घ्यायचो. नुसते वाचून दाखव.