तेरा कुलपांची पेटी आणि तात्यांची अडलेली पाळी

प्रति,
मा. निवडणूक अधिकारी,
शहर निवडणूक कार्यालय, दुसरा मजला.

विषय : कुलूप-किल्ली कारागिरांच्या मोबाईलवरील गटात झालेल्या (व पूर्ण न झालेल्या) मतदानाच्या तेरा बंद चिठ्ठ्या ताब्यात घेऊन निकाल फक्त तोंडी सांगण्याबाबत.

संदर्भ : १) एक मतपेटी व एक कर्मचारी उसना मिळण्यासाठी मी केलेला पहिला अर्ज.
२) त्यावर आपल्या कार्यालयाचे एका ओळीचे उत्तर : "खाजगी गटातील मतदानाशी या कार्यालयाचा संबंध येत नाही."
३) आपल्या कार्यालयातून मंगळवारी आलेला तातडीचा फोन. (मुद्दा ८ पाहावा. तो आधी वाचू नये, ही विनंती.)

महोदय,

उत्तर एका ओळीचे असले तरी वेळेत आले, याबद्दल आभारी आहे. आपल्या कार्यालयाचा संबंध कसा येतो, हे खाली क्रमाने मांडत आहे. मजकूर थोडा लांबला आहे, पण प्रकरणही लांबलेलेच आहे.

१. मी कुलूप-किल्ली दुरुस्तीचे काम करतो. शहरातील आम्हा चौदा कारागिरांचा मोबाईलवर एक गट आहे. कोणी दाराबाहेर अडकले, किल्ली हरवली, कपाट उघडेना, की गिऱ्हाईक एका ठरलेल्या क्रमांकावर फोन करते. गटाचे प्रमुख, ज्यांना आम्ही मास्तर म्हणतो, ते पत्ता गटात टाकतात आणि ज्याची पाळी असेल तो जातो. दुसऱ्याच्या पाळीचे दार कोणी उघडायचे नाही, हा नियम. पूर्वी एकाच दाराशी तिघेतिघे पोचत आणि घरमालकाला आधी आमचे भांडण सोडवावे लागे. हा नियम तात्यांनी घालून दिला. तात्या आमच्यातले सर्वांत वडीलधारे. बाकी तेरा जणांना कानस धरायला त्यांनीच शिकवले आहे. ते माझे सासरेही आहेत आणि आमच्याकडेच राहतात. ही बाब पुढे अडचणीची ठरते.

२. तात्यांचे डोळे अलीकडे अधू झाले आहेत. हात शाबूत आहेत. गेल्या महिन्यात त्यांच्या पाळीला एका इमारतीत समोरासमोरच्या दोन दारांपैकी त्यांनी भलतेच दार उघडले. आत एक गृहस्थ नुकतीच आंघोळ आटोपून टॉवेलवर उभे होते. घरात अडकलेले गिऱ्हाईक ते हेच, असे समजून तात्यांनी त्यांना "आता घाबरू नका, मी आलोय" असा धीर दिला आणि कुलूप फारच कच्चे आहे, बदलून घ्या, असे सुनावले. खरे गिऱ्हाईक जिन्यात बसून हे सर्व पाहत होते. गृहस्थांनी पोलिसांना बोलावले आणि गटाची अब्रू चव्हाट्यावर आली. तेव्हा तात्यांचे नाव पाळीच्या यादीत ठेवावे की काढावे, असा प्रश्न उभा राहिला. यादीतून नाव गेले तर तात्या दिवसभर काय करतील, हे कोणालाच ठाऊक नाही. त्यांना दुसरे काही येत नाही आणि बसून राहणे तर मुळीच येत नाही.

३. मास्तरांनी गटात 'ठेवावे' आणि 'काढावे' असा कौल टाकला. कोणी काय दाबले, हे फोनवर नावानिशी दिसते. दिवसभरात सर्वांनी तो कौल पाहिला, कारण पाहिले हेही दिसते. पण मत एकानेही दिले नाही. संध्याकाळी एकाचे मत 'काढावे'वर उमटले आणि लगेच नाहीसे झाले. विचारता फोन खिशात दाबला गेला, असा खुलासा आला. येथे नमूद करणे भाग आहे की, डोळ्यांमुळे तात्यांना आता वाचता येत नसल्याने गटातील सर्व मजकूर माझी पत्नी, म्हणजे त्यांची मुलगी, त्यांना मोठ्याने वाचून दाखवते आणि त्यात स्वतःची भर घालते. त्या सदस्याविषयी तिने घातलेली भर या अर्जात लिहिण्यासारखी नाही.

४. त्यावर मतदान गुप्त असावे, असे मास्तरांनी सुचवले. उघड मत द्यायचे तर तात्यांविरुद्ध कोणाचा हात उचलणार नाही आणि उद्या ते तिसऱ्याच घरात शिरतील, असे त्यांचे म्हणणे. याला लॅचने कडाडून विरोध केला. (लॅच हे आमच्यातील एक सदस्य, फक्त लॅचची कामे घेतात म्हणून हे नाव.) ज्याने हातात पहिली कानस दिली त्याचे नाव कापायचे तर तोंडावर कापा, चोरासारखे मागच्या दाराने काय जाता, असे त्यांनी लिहिले. दोघांचेही मला पटले. दोन्ही मजकुरांना मी अंगठा दिला आणि दोघांनीही माझ्याशी बोलणे सोडले. अखेर गुप्त की उघड, यावरच मत घ्यायचे ठरले. तेव्हा एका सदस्याने विचारले की, हे मतदान गुप्त घ्यायचे की उघड? हा प्रश्न विचारणारा सदस्य स्वभावाने गरीब आहे आणि त्याला खरोखरच कळले नव्हते; पण नंतर कोणालाच कळेनासे झाले.

५. या काळात तात्यांची पाळी स्थगित धरली होती. स्थगित पाळी पुढच्याने घ्यावी काय, यावर मत घेणे आवश्यक होते, आणि मत कसे घ्यावे हे ठरले नव्हते. त्यामुळे तात्यांच्या पाळीला आलेली गिऱ्हाइके दाराबाहेरच राहिली. एकाने खिडकी फोडली. एक कुटुंब म्हणे दोन दिवसांसाठी नवऱ्याच्या सासुरवाडीला गेले, ते अजून तेथेच आहे, आणि नवरा रोज मास्तरांना फोन करून रडकुंडीला येतो.

६. शेवटी कंटाळून गुप्त मतदानावर एकमत झाले. फोनवर गुप्त कौलाची सोय आहे, असे सांगतात. पण ज्या कुलपाची यंत्रणा खोलून पाहता येत नाही त्यावर आमच्या धंद्यातला माणूस विश्वास ठेवत नाही. म्हणून आपल्याकडे पेटी मागितली होती. ती न मिळाल्याने लोखंडी पेटी घेतली, तेरा जणांनी तीत चिठ्ठ्या टाकल्या, मोजणी पुढच्या रविवारी ठरवली आणि प्रत्येकाने आपापले एक कुलूप तिला लावले, अशी तेरा कुलपे. कडी-कोयंडे मावेनात म्हणून पेटी एकदा बदलावी लागली. आता ही पेटी ठेवायची कोणाकडे? तेरापैकी कोणाच्याही घरी ठेवली तर तो बाकीची बारा कुलपे उघडणार, याबद्दल कोणाच्याही मनात शंका नव्हती, कारण प्रत्येकाने स्वतः तेच केले असते. म्हणून ती तात्यांच्या पलंगाखाली ठेवण्यात आली. त्यांना मत नव्हते आणि चिठ्ठ्या वाचताही येणार नव्हत्या. हा निर्णय आम्ही पूर्ण शुद्धीवर घेतला, हे सांगताना आज शरम वाटते. पुढील आठवडाभर झाडून सारे सदस्य तात्यांची तब्येत विचारायला आले. एरवी वर्ष वर्ष न फिरकणारे तासभर बसत आणि चहाचा कप खाली ठेवायचे निमित्त करून वाकत. तात्या पलंगावरून हलले नाहीत.

७. रविवारी सर्वांसमक्ष ज्याने त्याने आपले कुलूप काढले. एकाही कुलपावर ओरखडा नव्हता. पेटीत मात्र तेराऐवजी चौदा चिठ्ठ्या होत्या. वरची उघडीच होती. बोटाएवढ्या अक्षरांत, ओळीवर ओळ चढलेला मजकूर असा :

"माझं नाव काढा. कुणी मन मारून ठेवायला नको. पेटी उघडली म्हणून रागावू नका, रिकामं बसवत नव्हतं. आतलं वाचलेलं नाही, मला दिसत नाही. सगळ्यात आधी जावईबापूंचं उघडलं."

तेरा कुलपे, तीही आम्ही तेरा जणांनी जीव ओतून निवडलेली, अधू डोळ्यांच्या माणसाने उघडली आणि जशीच्या तशी लावून ठेवली. असा हात यादीतून काढायचा, तर यादीत राहायला लायक कोण, हे कोणीतरी सांगावे. परंतु मास्तरांनी नियमावर बोट ठेवले : पेटीत निघालेली चिठ्ठी हे मत, आणि मोजणीत आजपर्यंत उघडलेले मत एकच. त्यामुळे तूर्त तात्यांचे नाव त्यांच्या स्वतःच्या एका मताने रद्द होते. उरलेल्या तेरा चिठ्ठ्या उघडल्या तर निकाल बदलू शकेल. पण एकमेकांची अक्षरे आम्ही रोज पावत्यांवर पाहतो, म्हणजे कोणी काय लिहिले ते क्षणात कळणार. आता उघड मतदानासाठी घसा कोरडा करणारे लॅच त्या चिठ्ठ्या जाळाव्यात म्हणतात, आणि गुप्ततेसाठी हटून बसलेले मास्तर त्या ताबडतोब उघडा म्हणतात. याचा अर्थ ज्याने त्याने काढावा. माझ्या पत्नीने मला काही विचारलेले नाही. "तुमचं अक्षर मी अंधारातसुद्धा ओळखते," एवढेच म्हणाली, तेही भाजी चिरताना.

८. मंगळवारी आपल्या कार्यालयातून फोन आला की, मतपेट्या ठेवण्याच्या खोलीचे कुलूप किल्ली लावूनही फिरत नाही. तातडीने माणूस पाठवावा. पाळी फिरत फिरत तात्यांवर आलेली होती. ती स्थगित आहे. म्हणून माणूस आला नाही. हा दबाव समजू नये. नियम आपल्यासाठी मोडला तर सासुरवाडीत अडकलेले ते गृहस्थ कोर्टात जातील. आणखी असे की, ते कुलूप तात्यांनी तरुणपणी स्वतः घडवून तेथे बसवलेले आहे. आपल्या शिपायाने सांगितल्यावरून समजते की, बुधवारी दुपारी मास्तर आणि त्यानंतर थोड्या वेळाने लॅच, एकमेकांना न सांगता, त्या दाराशी खटपट करून गेले. दार उघडले नाही. गटात याबद्दल कोणी अक्षर लिहिलेले नाही. मी आज सकाळी प्रयत्न केला. माझ्यानेही उघडले नाही.

९. तरी विनंती की, सोबतच्या तेरा चिठ्ठ्या आपण स्वतः एकट्याने मोजाव्यात आणि 'ठेवले' किंवा 'काढले' एवढाच शब्द सांगावा. आकडा सांगू नये. बारा विरुद्ध एक असे आपल्या तोंडून निघाले, तर त्या एकाला शोधण्यात आमचे उरलेले आयुष्य जाईल. चिठ्ठ्यांचे पाकीट कृपया कपाटात बंद करू नये, टेबलावर उघड्यावर ठेवावे. कुलूप दिसले की आमच्या लोकांचे हात शिवशिवतात. उघड्या वस्तूकडे आमच्यातला कोणी ढुंकूनही पाहत नाही.

माझ्या चिठ्ठीत काय आहे, ते मी येथे लिहीत नाही. ती गुप्त आहे आणि गुप्तच राहू दे. मात्र निकाल काहीही लागो, उद्या सकाळी कार्यालय उघडताच मी तात्यांना हाताला धरून आपल्याकडे घेऊन येत आहे, आणि मुख्य रस्त्याने, आमच्या सर्वांच्या दुकानांवरून, चालत येणार आहे. तसे मी गटात माझ्या नावानिशी लिहिले आहे. ते सर्वांनी पाहिलेले दिसते. दार कोणते, तेवढे मी त्यांना दाखवीन. पुढचे त्यांना ठाऊक आहे. हे माझे मत समजावे, आणि ते उघड समजावे.

आपला नम्र, आणि तात्यांचा जावई,
(सही)
गटातील क्रमांक तीनचा सदस्य

दिनांक : २५ सप्टेंबर

सोबत :
१) चिठ्ठ्या, नग तेरा, घडी न मोडलेल्या.
२) तात्यांची चिठ्ठी. ही वाचून झाल्यावर परत मिळावी. पत्नीला हवी आहे.
३) माझे कुलूप. याचा मला आता उपयोग नाही.